गुदाशयाच्या कर्करोगावर एकाच छिद्रातून रोबोटिक शस्त्रक्रिया : चाचणीत नेमके काय तपासावे?

निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

नमस्कार. मी बडोद्यात राहते. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर येथील एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक सदस्य म्हणून काम पाहते. माणसांवर करायचे वैद्यकीय संशोधन अशा समितीच्या मंजुरीवाचून सुरू करता येत नाही, आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डॉक्टर, कायद्याचे जाणकार आणि समाजशास्त्राचे अभ्यासक यांच्या जोडीला वैद्यकाशी संबंध नसलेली व्यक्तीही समितीत असावी लागते. ती जागा माझ्याकडे आहे. समितीपुढे येणारे कागद गोपनीय असतात आणि तशी सही मी केलेली आहे, म्हणून कोणत्याही विशिष्ट प्रस्तावाविषयी मी येथे लिहीत नाही. विषयाची समज वाढावी एवढाच हेतू आहे.

अलीकडे एका वैद्यकीय परिषदेत व्याख्यान ऐकायला गेले होते. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने पोटावरील एकाच छिद्रातून कशी करता येते, हे तेथे दाखवले. चाळीस मिनिटांत रुग्णाच्या पोटाचे, एकाच बारीक व्रणाचे छायाचित्र पाच वेळा पडद्यावर आले. काढून टाकलेल्या आतड्याचे छायाचित्र एकदाही आले नाही. रिक्षाने घरी येईपर्यंत मी त्याच विचारात होते, की छिद्रांची संख्या हा रुग्णाच्या दृष्टीने खरोखर एवढा मोठा प्रश्न आहे का, आणि नसेल तर अशा तंत्राची चाचणी घेताना मोजायचे ते काय?

एक छिद्र आणि नेहमीची चार-पाच छिद्रे यांत शस्त्रक्रियेच्या दृष्टीने खरा फरक कोणता, हे मला प्रथम समजून घ्यायचे आहे. नवे तंत्र यशस्वी झाले असे कशावरून ठरवावे आणि त्यासाठी किती रुग्ण व किती काळ लागतो, हेही कोणी सांगावे. वैद्यकीय शब्द आले तरी चालतील, मात्र ते उलगडून सांगावेत ही विनंती.

कोलोरेक्टल सर्जन, मूळ बडोदे

ताई, आपण काढून टाकलेल्या आतड्याच्या छायाचित्राविषयी जे लिहिले आहे तेथूनच सुरुवात करतो, कारण या शस्त्रक्रियेचा सगळा कस त्या छायाचित्रात दिसतो.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. त्याच्याभोवती चरबीचे एक वेष्टन असते, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. लसिकाग्रंथी या वेष्टनातच असतात आणि कर्करोग आतड्याच्या भिंतीबाहेर पडला की प्रथम तेथेच पसरतो. पूर्वी हे वेष्टन हाताने, अंदाजाने मोकळे केले जाई, त्यात ते फाटे, त्याचे तुकडे ओटीपोटात मागे राहत आणि पुष्कळ रुग्णांत कर्करोग त्याच जागी परत येई. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी १९८२ साली असे मांडले, की वेष्टनाबाहेरच्या नैसर्गिक पातळ थरातून, डोळ्यांसमोर, धारदार अवजाराने काम करून ते संपूर्ण आणि अखंड काढावे. त्या एका शिस्तीने कर्करोग परतण्याचे प्रमाण जेवढे खाली आले, तेवढे त्यानंतरच्या कोणत्याही यंत्राने आणलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शस्त्रक्रिया नीट झाली असेल तर स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेला तो नमुना पाहताक्षणी कळतो. पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो, मागच्या बाजूला दोन सारखे गोलावे दिसतात आणि रंग ताज्या लोण्यासारखा पिवळसर असतो. जेथे चूक झाली असेल तेथे लोण्याच्या गोळ्यात अंगठा दाबावा तसा खड्डा पडलेला असतो, आणि खड्डा खोल असेल तर तळाशी आतड्याचा तांबूस स्नायू उघडा दिसतो. पॅथॉलॉजिस्ट याच पाहणीवरून पूर्ण, जवळजवळ पूर्ण आणि अपूर्ण अशा तीन प्रती, म्हणजे दर्जे, ठरवतात. नंतर नमुन्याला बाहेरून शाई लावून आडव्या चकत्या पाडतात आणि गाठीपासून शाईच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. ते १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरले तर कड बाधित मानली जाते. या कडेचे महत्त्व लीड्सच्या फिल क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. तेव्हा कोणतेही नवे तंत्र समोर आले, की माझा पहिला प्रश्न असतो, की नमुना कसा आला आणि कड किती आली.

आता छिद्रांकडे वळतो. ओटीपोट हे हाडांचे खोल आणि निमुळते भांडे आहे, पुरुषांत ते अधिकच अरुंद असते. दुर्बिणीची सरळ, न वाकणारी अवजारे त्याच्या तळाशी नेऊन काम करणे अवघड जाते. युरोपातील कलर-२ या १,०४४ रुग्णांच्या चाचणीत ३ वर्षांनी त्याच जागी कर्करोग परतण्याचे प्रमाण उघड्या आणि दुर्बिणीच्या, दोन्ही शस्त्रक्रियांत ५ टक्केच निघाले. पण त्याच वर्षी, २०१५ मध्ये, अमेरिकेतील एक आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एक अशा दोन चाचण्यांत, नमुन्याच्या गुणवत्तेच्या कसोटीवर दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेहून उणी नाही हे सिद्ध करता आले नाही. पुढच्या पाहणीत त्या रुग्णांमध्ये कर्करोग परतण्यात लक्षणीय फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. रोबोट आला तो या अडचणीवर उत्तर म्हणून, कारण त्याच्या अवजाराला मनगट असते आणि कॅमेरा थरथरत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोलार चाचणीत ४७१ रुग्ण होते. दुर्बीण सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के आणि रोबोटमध्ये ८.१ टक्के आले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल एवढाच होता. चीनमधील ११ रुग्णालयांच्या रिअल चाचणीत मात्र, मधल्या आणि खालच्या गुदाशयाच्या सुमारे बाराशे रुग्णांत, बाधित कडेचे प्रमाण रोबोटमध्ये ४ टक्के आणि दुर्बिणीत ७.२ टक्के होते, आणि ३ वर्षांनी त्याच भागात कर्करोग परतण्याचे प्रमाण १.६ विरुद्ध ४ टक्के आले. हे सर्व आकडे नेहमीच्या, अनेक छिद्रांच्या रोबोटचे आहेत. एका छिद्राच्या बाजूने ते वापरता येत नाहीत, आणि व्याख्यानांत नेमकी ही सरमिसळ होते.

एक छिद्र म्हणतानाही दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येतात. एका पद्धतीत नेहमीच्याच रोबोटचे हात एका मोठ्या छेदावर बसवलेल्या जेलच्या झाकणातून आत घालतात. तेथे अवजारे एकमेकांवर आपटतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंनी ऊतक ताणून धरून मधे कापायचे हे जे शल्यक्रियेचे मूळ आहे, तेच कठीण होते. दुसऱ्या पद्धतीत मुळातच त्यासाठी बनवलेले यंत्र असते. दा विंची एसपी हे त्यांपैकी. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला प्रथम मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली आणि गुदाशयावरचे त्याचे सुरुवातीचे अनुभव हाँगकाँग, दक्षिण कोरिया आणि अमेरिकेतून आले. त्याची नळी २.५ सेंटिमीटर रुंदीची असते आणि तिच्यातून एक कॅमेरा व ६ मिलिमीटरची तीन अवजारे आत जातात. प्रत्येक अवजाराला मनगटाबरोबर कोपरही असते. कोपर उघडायला नळीच्या तोंडापुढे मोकळी जागा लागते, म्हणून पुष्कळदा नळी पोटात न खुपसता जेलच्या झाकणात, त्वचेच्या थोडी वर, तरंगती ठेवतात. संपूर्ण यंत्र एका बिंदूभोवती फिरवता येते, त्यामुळे वर प्लीहेजवळचे आतडे मोकळे करून नंतर ओटीपोटात उतरताना मांडणी मोडावी लागत नाही. अरुंद आणि खोल जागेत समांतर जाणारी अवजारे हा खरा गुण आहे; तो मी नाकारत नाही.

पण सहा मिलिमीटरच्या अवजाराची ओढण्याची ताकद जाड अवजाराएवढी नसते. चरबीने भरलेल्या मेसोरेक्टमला वर उचलून धरताना हे जाणवते, आणि पकड वारंवार निसटली की लोण्याच्या गोळ्यात अंगठा दाबलाच म्हणून समजावे. दुसरी अडचण स्टेपलरची, म्हणजे आतडे टाचून कापणाऱ्या अवजाराची, आहे. आतडे खाली कापण्यासाठी तो योग्य कोनातून यावा लागतो, म्हणून अनेक सर्जन उजवीकडे खाली एक जादा छिद्र करतात आणि शेवटी त्याच छिद्रातून निचऱ्याची नळी काढतात. ते करण्यात गैर काहीच नाही. अट्टहासाने एकाच छिद्रातून, वाकड्या कोनातून तीन-तीन वेळा स्टेपलर मारणे हे आतड्याच्या दोन टोकांची जोडणी गळण्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचे आहे. म्हणून चाचणीच्या कागदात हे आधीच लिहिलेले असावे, की जादा छिद्र केव्हा करायचे, त्याची नोंद कशी होणार आणि त्याला अपयश म्हणणार की नाही. सर्जनला दुसरे छिद्र करण्यात कमीपणा वाटेल अशी चाचणीची रचना असू नये.

शेवटचा मुद्दा व्रणाचा. कापलेले आतडे गाठीसह बाहेर काढायला चार-पाच सेंटिमीटरचा छेद सगळ्यांनाच द्यावा लागतो. तोच छेद सुरुवातीला घेऊन त्यातूनच सगळे काम करायचे, हा एका छिद्राचा सर्वांत सयुक्तिक युक्तिवाद आहे. खालच्या जोडणीच्या रक्षणासाठी ज्या रुग्णाला काही महिने पोटावर स्टोमा, म्हणजे शौच पिशवीत जावी म्हणून पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, ठेवावाच लागणार असतो, त्याच्या बाबतीत स्टोमाची जागाच प्रवेशाची जागा करता येते आणि मग वेगळा व्रण जवळजवळ उरत नाही. बेंबीतून मोठा छेद घेणे मात्र निर्धोक समजू नये. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत एक छेद आणि चार छिद्रे यांची तुलना करणारी २०० रुग्णांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. व्रण एका छेदाच्या रुग्णांना अधिक आवडला, पण त्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.४ टक्के आणि चार छिद्रांच्या रुग्णांत १.२ टक्के होते. हर्निया दिसायला महिने-वर्षे लागतात. तीस दिवसांच्या नोंदीत तो कधीच येणार नाही.

संशोधन सांख्यिकी, फतेहगंज

सर्जन साहेबांनी शस्त्रक्रियेची बाजू उत्तम मांडली आहे. शिक्षिकाबाई गणिताच्या आहेत, म्हणून मी संख्येबद्दल थोडे मोकळेपणाने लिहितो.

औषधाला जसे टप्पे असतात तसे शस्त्रक्रियेच्या नव्या तंत्रालाही असावेत, यासाठी २००९ मध्ये आयडियल नावाची चौकट मांडली गेली. कल्पना, विकास, शोध, मूल्यमापन आणि दीर्घकालीन पाहणी असे तिचे पाच टप्पे आहेत. समितीपुढे कागद आला की पहिल्या पानावरच हे स्पष्ट असावे, की ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे. पाच-दहा निवडक रुग्णांत तंत्र जमते का हे पाहणारा अभ्यास आणि ते जुन्या तंत्राइतके सुरक्षित आहे का हे ठरवणारा अभ्यास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला तुलनागट नसला तरी चालतो, पण मग त्याच्या निष्कर्षात 'सुरक्षित' हा शब्द येता कामा नये.

याचे कारण साधे गणित आहे. समजा ३० रुग्णांवर नवे तंत्र वापरले आणि एकाचीही जोडणी गळली नाही. ऐकायला हे फार छान वाटते. पण एखादी घटना शून्य वेळा घडली असेल, तर तिचे खरे प्रमाण वरच्या बाजूला किती असू शकेल हे ३ ला रुग्णसंख्येने भागून ढोबळमानाने मिळते. येथे ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्के. खालच्या गुदाशयाच्या जोडणीत गळतीचे प्रमाण एरवीही साधारण तेवढेच असते. म्हणजे तीसच्या तीस रुग्ण बरे झाले, तरी नवे तंत्र जुन्यापेक्षा चांगले आहे असे म्हणण्याजोगे काहीच हाती लागलेले नसते. कर्करोग परतण्याचे प्रमाण ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले, म्हणजे दुप्पट झाले, तरी ते खात्रीने पकडायला प्रत्येक गटात चारशेहून अधिक रुग्ण लागतात. बडोद्यातल्या एका रुग्णालयाला हे एकट्याने झेपणारे नाही, अनेक केंद्रांनी एकत्र यावे लागते. एका केंद्राने छोटा अभ्यास करू नये असे मी म्हणत नाही. त्याने नमुन्याची प्रत, बाधित कड, गळती आणि जादा छिद्रे यांची नोंद इतरांशी जुळेल अशा व्याख्यांनी ठेवावी, म्हणजे पुढे ती जोडता येईल.

या बाबतीत नॉर्वेचा अनुभव मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. गुदद्वाराकडून वर जात मेसोरेक्टम सोडवण्याचे एक तंत्र २०१० च्या सुमारास आले. अरुंद ओटीपोटाच्या तळाची अडचण त्याने खालून सोडवली होती, नमुने सुरेख येत होते आणि सुरुवातीचे अहवाल उत्साहाने भरलेले होते. नॉर्वेत २०१४ ते २०१८ या काळात १५७ रुग्णांवर ते वापरले गेले. तेथील काही सर्जनांच्या लक्षात आले, की कर्करोग लवकर परततो आहे आणि ओटीपोटात एका ठिकाणी न येता अनेक ठिकाणी विखरून येतो आहे. पेशी पसरल्या असाव्यात, अशी त्यामागे शंका होती. २०१८ च्या अखेरीस त्यांनी ते तंत्र देशभर थांबवले आणि आकडे तपासले. सुमारे अडीच वर्षांनी त्याच भागात कर्करोग परतण्याचे अंदाजित प्रमाण या रुग्णांत ११.६ टक्के होते, तर राष्ट्रीय नोंदवहीतील इतर रुग्णांत २.४ टक्के. अन्य देशांतील सरावलेल्या केंद्रांचे निकाल यापेक्षा बरेच चांगले आहेत, त्यामुळे दोष तंत्राचा की ते शिकण्याच्या काळाचा, यावर आजही मतभेद आहेत. पण नॉर्वेला हे वेळेत कळले, कारण प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद होती. नमुन्याची प्रत चांगली असूनही रुग्णाचे वाईट होऊ शकते, म्हणून कडेचे अंतर मोजून थांबता येत नाही.

शिकण्याच्या काळाविषयी एक सूचना करतो. चाचणीत भाग घेणाऱ्या सर्जनने हे तंत्र आधी किती वेळा केले आहे हे कागदात असावे, आणि पहिल्या रुग्णापासून प्रत्येक शस्त्रक्रियेचा निकाल बेरजेच्या आलेखावर मांडला जावा. अपेक्षेपेक्षा वाईट निकाल आला की रेषा वर सरकते, चांगला आला की खाली. ती आधी ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली तर नवे रुग्ण घेणे थांबवायचे. हे काम संशोधकाने स्वतः करू नये, बाहेरच्या सुरक्षा-देखरेख मंडळाकडे द्यावे. वेदनेची तुलना करायची असेल, तर पहिले काही दिवस सगळ्यांच्या पोटावर सारखीच मोठी पट्टी ठेवता येते, म्हणजे रुग्णाला आणि वेदना विचारणाऱ्या परिचारिकेला कोणते तंत्र वापरले ते कळत नाही. पॅथॉलॉजिस्टलाही ते सांगू नये. पहिल्या रुग्णाची नोंदणी होण्यापूर्वी चाचणी भारतीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, दाखल झालेली असावी, हे तर आपणांस ठाऊक असेलच.

विमा सल्लागार, सयाजीगंज

थोडक्यात एक व्यावहारिक मुद्दा. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घातली आहे, त्यामुळे कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाही, मात्र रकमेवर उपमर्यादा लावता येते. त्याच वेळी 'सिद्ध न झालेले उपचार' वगळण्याचे कलमही पॉलिसीत असते. चाचणीतील शस्त्रक्रिया या कलमाखाली नाकारली जाऊ शकते, आणि मग बिल कोणी भरायचे हा वाद रुग्णाच्या घरी येतो. संशोधनामुळे वाढणारा खर्च रुग्णावर पडू नये असे आयसीएमआरची तत्त्वे सांगतात. तेव्हा रोबोटच्या एकदा वापरून टाकायच्या साहित्याचा खर्च कोण करणार, हे समितीने आकड्यासह लिहून घ्यावे.

एक मुलगी, वाडी

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांची हीच शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून झाली, आधी किमो आणि शेक (रेडिएशन) झाले होते. संमतीच्या वेळी तरुण डॉक्टरांनी गुजरातीतून समजावले, 'दादा, चार-पांच नानां काणां पाडीशुं', म्हणजे चार-पाच लहान छिद्रे पाडू, आणि आम्हाला फार हायसे वाटले. आम्ही चार पिढ्या बडोद्यात आहोत, बाबांना गुजराती उत्तम वाचता येते; पण दुखणे समजून घेताना माणूस घरच्या भाषेत विचार करतो. फॉर्म गुजराती आणि इंग्रजीत होता. रात्री आम्ही दोघींनी, आईने आणि मी, तो बाबांना मराठीत सांगितला, आणि तेव्हा लक्षात आले की त्यात छिद्रे आहेत, भूल आहे, रक्तस्राव आहे, पण नंतर शौचाचे काय होईल याबद्दल दोन ओळी आहेत.

ते पाच व्रण आता शोधावे लागतात. स्टोमा साडेचार महिने होता. पहिले पंधरा दिवस पिशवीची चकती त्वचेला नीट बसत नसे, कडेने पाणी झिरपून कातडी लाल होई आणि बाबा जेवणच कमी करत, म्हणजे पिशवी भरू नये. पिशवी बंद झाली तेव्हा आम्हाला वाटले की संपले. खरे त्यानंतर सुरू झाले. सकाळी दोन तासांत सहा-सात वेळा जावे लागे, एकदा लागली की दोन मिनिटेही थांबता येत नसे. ज्यांनी तीस वर्षे रोज कमाटीबागेत फिरायचे चुकवले नाही, ते वर्षभर गल्लीच्या टोकापर्यंतच जात. आम्हाला वाटायचे की काहीतरी बिघडले आहे, सांगायला लाज वाटायची. पुढे एका परिचारिकेने पाच प्रश्नांचा एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, काका, हे पुष्कळांना होते, याला नावही आहे. त्या दिवशी बाबा घरी येऊन नीट जेवले.

ताई, आपण समितीत आहात म्हणून लिहिते. त्या पाच प्रश्नांचे उत्तर नव्या तंत्राने बदलते का, हे कोणी मोजणार असेल तर ती चाचणी आमच्यासाठी आहे.

कोलोरेक्टल सर्जन, मूळ बडोदे

वरील लेखिकेने सांगितलेला कागद म्हणजे लार्स गुणांकन. डेन्मार्कमध्ये तयार झालेले हे गुणांकन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. वारा आवरणे, पातळ शौच आवरणे, दिवसातील वेळा, एका तासात पुन्हा जावे लागणे आणि घाई, असे त्यात पाच प्रश्न आहेत. बेरीज ० ते ४२ येते आणि ३० पासून पुढे त्रास मोठा समजतात. गाठ जितकी खाली आणि शेक झालेला असेल, तितका हा त्रास अधिक. छिद्र एक असो वा पाच, आत कापले जाणारे आतडे तेवढेच असते, म्हणून या गुणांकनात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. फरक पडला तर तो ओटीपोटातील नसा किती जपल्या यामुळे पडेल, आणि त्याच नसांवर लघवी आणि लैंगिक क्षमताही अवलंबून असते. म्हणून या तिन्हींची नोंद शस्त्रक्रियेपूर्वी एकदा झालेली असावी. आधीची स्थिती ठाऊक नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. आपल्याकडे लैंगिक क्षमतेचा प्रश्न पन्नाशीपुढच्या रुग्णाला विचारलाच जात नाही, स्त्रियांना तर मुळीच नाही, आणि ते रिकामे रकाने पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. ३ भागिले ३० हे मी उद्याच वहीत उतरवून ठेवणार आहे. मुलांना संभाव्यता शिकवताना हे उदाहरण हाती असते तर किती बरे झाले असते. दोन शंका उरल्या आहेत. शस्त्रक्रियेचे चित्रीकरण यंत्रातच होते असे ऐकले, मग ते संपूर्ण, न कापता जपून ठेवण्याची अट समितीने घालावी का? आणि वाडीच्या ताईंना विचारते, त्रास वाटत नसेल तरच उत्तर द्यावे: आपल्या वडिलांना तेव्हा अशा चाचणीत येता का असे विचारले असते, तर त्यांनी सही केली असती का?

संशोधन सांख्यिकी, फतेहगंज

चित्रीकरणाची अट जरूर घालावी. रुग्णाचे नाव काढून, क्रमांक देऊन, बाहेरच्या दोन अनुभवी सर्जनांना ते पाहायला द्यावे. परिषदेत दाखवतात ती सात मिनिटांची निवडक फीत असते. पकड किती वेळा निसटली ते अडीच-तीन तासांच्या अखंड चित्रीकरणातच दिसते. संमतीपत्रात चित्रीकरणासाठी वेगळी सही असावी.

एक मुलगी, वाडी

त्रास कसला, ताई. आज संध्याकाळी बाबांना तुमचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सही केली असती, पण आधी विचारले असते की मला किती वर्षे बोलावणार आणि मी आलो नाही तर घरी फोन कोण करणार. त्यांच्या बरोबरीने शेक घेणारे, मांजलपूरकडचे एक गृहस्थ दुसऱ्या वर्षानंतर तपासणीला यायचे बंद झाले. बाबा अजून अधूनमधून त्यांच्याबद्दल विचारतात, आणि आम्हाला काहीच सांगता येत नाही.